अपुऱ्या दिवसांची बाळं आणि संशोधनाचे प्रश्न : यादी करायला कोणाला बसवायचं?

खडूफळा

मुदतपूर्व प्रसूतीच्या मागच्या धाग्यात एक खोचक प्रश्न आला आणि वरच्या दुधाच्या वादात वाहून गेला : संशोधन कशावर व्हावं हे आईबापांना विचारून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून वेगळा धागा काढतो. हवेत बोलण्यापेक्षा ज्याचे आकडे छापून आलेत असं एकच उदाहरण धरू.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०११ पासून या विषयावर 'प्राधान्यक्रम भागीदारी' चालली आणि २०१४ मध्ये पंधरा प्रश्नांची यादी प्रसिद्ध झाली. पद्धत जेम्स लिंड अलायन्सची. ही संस्था २००४ ची. नाव त्या आरमारी डॉक्टराचं, ज्याने १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या लावून सहा उपाय एकमेकांशी ताडून पाहिले. रुग्ण आणि त्यांचे घरचे एका बाजूला, उपचार करणारे डॉक्टर-नर्स दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं वजन सारखं, हा त्यांचा नियम. औषध कंपन्यांना मत नाही. जो फक्त संशोधक आहे, रुग्ण तपासत नाही, त्यालाही नाही.

गाळणी अशी लागली :

लोकांना मोकळा प्रश्न विचारला. ऑनलाइन, आणि प्रसूतीपूर्व दवाखान्यांत व नवजात कक्षांत कागदावरही. ३८६ जणांनी उत्तरं दिली. त्याच वेळी ६३६ सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासणारे आढावे) आणि उपचारांची १२ मार्गदर्शक तत्त्वं चाळून 'इथे आणखी अभ्यास हवा' असं कुठे म्हटलंय ते काढलं. मिळून १२२ प्रश्न झाले : ७० लोकांचे, २८ रिव्ह्यूंमधले, २४ मार्गदर्शक तत्त्वांमधले. दुहेरी आलेले १८ काढल्यावर १०४ उरले. हे १०४ मतदानाला गेले, ५०७ जणांनी मत दिलं. सुकाणू समितीने निकाल तपासून पहिले ३० कार्यशाळेत नेले आणि तिथून पंधरा निघाले.

पहिला : मुदतपूर्व प्रसूतीचा अंदाज घ्यायला किंवा ती टाळायला सगळ्यात परिणामकारक काय? दुसरा : या बाळांना होणारा जंतुसंसर्ग टाळायचा कसा? तिसरा एनईसीचा, म्हणजे आतड्याचा भाग सडतो तो आजार कसा टाळायचा याचा. इथवर कोणतीही तज्ज्ञ समिती पोचली असती. पण पाचवा आहे घरी सोडताना आईवडिलांना काय-काय आधार द्यावा हा. सातवा, बाळाला दुखतंय हे ओळखायचं कसं. पंधरावा, कक्षातला उजेड आणि आवाज. हे तीन कुठून आले असतील, यावर बोलूया.

---

आकडेमोड

चांगला विषय. मतदारांचा हिशेब जोडतो : २३१ जण मुदतपूर्व प्रसूतीची झळ बसलेले, २१६ आरोग्य कर्मचारी, ५५ दोन्हीकडचे. बेरीज ५०२, म्हणजे पाच जण या तीन गटांबाहेरचे.

ते ५५ मला महत्त्वाचे वाटतात. नवजात कक्षातल्या नर्सचं स्वतःचंच बाळ ३० व्या आठवड्यात झालं असेल तर ती कोणत्या गटात? दोन्हीत मोजली तर तिचं मत दुप्पट झालं, एकात टाकली तर दुसरीकडची माहिती गेली. इथे तिसरा रकाना ठेवला हे बरं केलं. आपल्याकडे असं काही करताना फॉर्मवर 'आपण कोण?' या चौकटीत 'दोन्ही' हा पर्याय पहिल्या दिवसापासून हवा. नंतर आठवला तर तोवरचे सगळे फॉर्म वाया.

---

मुद्देसूद

माझा आक्षेप पहिल्या नंबरच्या प्रश्नावरच आहे. 'अंदाज घ्यायला किंवा टाळायला काय परिणामकारक' हा प्रश्न आहे की विषयाचं नाव? याला विरोध कोण करणार? सगळ्या गटांचा पहिला नंबर एकच आला म्हणतात. येणारच. छत्री एवढी मोठी उघडली की सगळेच तिच्याखाली उभे राहतात.

---

दुपारची ओपीडी

आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं नुकसान प्रत्यक्ष दिसतं. त्या छत्रीखाली काय-काय येतं बघा : सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजणं, पिशवीच्या तोंडाला टाका, योनीमार्गात ठेवायचं प्रोजेस्टेरॉन, १७-ओएचपीसीची (प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध) साप्ताहिक इंजेक्शनं, पेसरी म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला आधार देणारी कडी, कमी मात्रेची ॲस्पिरिन. प्रत्येकाची कुंडली वेगळी. १७-ओएचपीसीची मंजुरी अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली, कारण २०१९ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसलाच नाही.

उलट ॲस्पिरिन. २०२० मध्ये आलेल्या चाचणीत सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी होत्या. भारतातली दोन केंद्रं, नागपूर आणि बेळगाव. रोज ८१ मिलिग्रॅम, चौदा आठवडे पुरे व्हायच्या आत सुरू. ३७ आठवड्यांआधीच्या प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्या. आकडा लहान दिसतो, पण गोळी स्वस्त आहे आणि फ्रिज लागत नाही.

'टाळायचं कसं' एवढंच लिहून ठेवलं तर पैसे देणाऱ्या संस्थेकडे यातला कोणताही प्रस्ताव घेऊन जाता येतं आणि 'पहिल्या प्राधान्याचा विषय आहे' असं ठोकून देता येतं. यादीने निवड करायची, ती निवडच टळते.

---

खडूफळा

हे टाळण्याची जागा मतदानाआधी आहे. आलेली उत्तरं वर्गवार लावताना दोन-तीनच माणसं बसलेली असतात, आणि खरी सत्ता तिथे असते. लोक प्रश्न लिहीत नाहीत, तक्रार लिहितात, नाहीतर भीती. त्यातून प्रश्न काढावा लागतो. समजा एका आईने लिहिलं :

'बाळाला नळीतून दूध दर दोन तासांनी वाढवायचे, मग एक दिवस पोट फुगलं म्हणून सगळं बंद. हळू वाढवलं असतं तर?'

यातून निघतो : 'मुदतपूर्व बाळांना दूध रोज किती वाढवावं म्हणजे आतड्याचा त्रास न होता वाढ नीट होईल?' बाळ कोण, काय द्यायचं, कशाशी तुलना, काय मोजायचं, हे चारही त्यात आलं. ब्रिटिश यादीतला सहावा प्रश्न याच जातीचा आहे : दुधाचं प्रमाण, वाढवण्याचा वेग, दात्याचं दूध की पावडरचं, आणि पुढच्या आयुष्यावर परिणाम.

हीच ओळ वर्गीकरण करणाऱ्याने 'पोषण' या खोक्यात टाकून दिली की आईचं म्हणणं संपलं. म्हणून प्रत्येक अंतिम प्रश्नाला त्याच्या मूळ ओळी चिकटलेल्या ठेवायच्या. एक साधी तक्त्याची फाइल पुरते : उत्तराचा क्रमांक, मूळ वाक्य जसंच्या तसं, कोणत्या गटातून आलं, कोणत्या प्रश्नात विलीन झालं, कोणी केलं. एकाने लावायचं, दुसऱ्याने न बघता पुन्हा लावायचं, फरक पडेल तिथे सुकाणू समितीतल्या पालकाला विचारायचं.

---

साडेसदतीस

दुधाच्या वेगावर उत्तर आलंय ना? एसआयएफटी चाचणी. २,८०४ बाळं, रोज किलोमागे १८ मिली वाढ की ३० मिली. दोन वर्षांच्या वयाला गंभीर किंवा मध्यम व्यंगाशिवाय जगलेल्या मुलांच्या प्रमाणात फरक नाही. २०१९ मध्ये निकाल. म्हणजे यादीचा उपयोग झाला म्हणायचा.

---

आकडेमोड

@साडेसदतीस, तारखा बघा. त्या चाचणीत पहिली बाळं २०१३ मध्ये घेतली, यादी आली २०१४ ला. यादी*मुळे* चाचणी झाली असं म्हणता येत नाही. प्रश्न लोकांच्या मनातलाच होता आणि चाचणी आधीच रस्त्यावर होती, एवढंच. अशा याद्यांचं श्रेय मोजताना ही चूक फार होते.

---

साडेसदतीस

मान्य. दुरुस्ती घेतली.

---

रात्रपाळी

सातव्या प्रश्नावर लिहिते, कारण तो यादीत कसा आला हे कक्षात काम करणाऱ्याला लगेच कळतं.

दुखणं मोजायला पीआयपीपी नावाची मोजपट्टी आहे. सात गोष्टींना गुण : बाळ किती आठवड्यांचं, जागं की झोपलेलं, हृदयाचे ठोके किती वाढले, ऑक्सिजन किती घसरला, भुवया फुगल्या का, डोळे घट्ट मिटले का, नाकापासून ओठापर्यंतची घडी पडली का. कागदावर छान. पण २६ आठवड्यांच्या बाळाच्या नाकावर सीपॅपचा (श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणाऱ्या यंत्राचा) मास्क आणि गालावर चिकटपट्टी असते. घडी दिसणार कुठे? शिवाय इतक्या लहान बाळाच्या चेहऱ्याचे स्नायू दमलेले असतात. चौथ्यांदा टाच टोचली की ते रडत नाही, गप्प पडून राहतं. मोजपट्टीत कमी आठवड्यांना जादा गुण आहेत ते याचसाठी, तरी गप्प बाळाचा आकडा कमीच येतो आणि फाइलवर 'वेदना नाही' असं जातं.

डॉक्टर राउंडला पाच मिनिटं असतात. पेटीशेजारच्या स्टुलावर आई तासन्‌तास बसलेली असते. बाळ गप्प झालं हे तिला दिसतं. प्रश्न तिच्याकडून आला तर नवल नाही.

---

मुद्देसूद

पटलं. पण मग दुसरा आक्षेप. स्टुलावर बसलेली आई फॉर्म भरते. जिचं बाळ गेलं ती भरते का? जिला दोनशे किलोमीटरवरच्या गावी परत जावं लागलं ती? तुमची गाळणी चोख असेल, पण वरून ओतलंय काय?

---

खडूफळा

हा या पद्धतीतला सगळ्यात दुखरा भाग आहे, आणि त्याला पूर्ण उतारा नाही. करता येतं ते असं : फॉर्म पहिल्या दोन-तीन आठवड्यांनी उघडून बघायचे, बंद झाल्यावर नाही. कोण आलेलं नाही ते मोजायचं : बाळ गमावलेले, बाप, जुळी असलेले, स्वतः मुदतपूर्व जन्मलेले आणि आता मोठे झालेले, वेगळी भाषा बोलणारे. जिथे रकाना रिकामा तिथे फॉर्म पाठवून उपयोग नाही, माणूस पाठवायचा.

---

दुपारची ओपीडी

आपल्याकडे काय झालंय तेही नोंदवतो. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इनक्लेन ही संशोधन संस्था यांनी माता-बाल आरोग्याचा प्राधान्यक्रम ठरवला, तो २०१७ मध्ये छापून आला. २५६ संस्था, ४९८ तज्ज्ञ, ४,००३ कल्पना. पद्धत सीएचएनआरआय, म्हणजे बाल आरोग्य संशोधनाचा क्रम गुण देऊन लावायची ठरलेली रीत : उत्तर मिळू शकेल का, गरजेला धरून आहे का, विषमता कमी होईल का, पैसा किती लागेल, नवं काय आहे, अशा पाच निकषांवर गुण. काम दांडगं आहे आणि गुण मोजण्यात पारदर्शक आहे. पण ते तज्ज्ञांचं काम आहे. आई त्यात लाभार्थी म्हणून आहे, गुण देणारी म्हणून नाही.

२०२० मध्ये जगात साधारण १ कोटी ३४ लाख बाळं मुदतपूर्व जन्मली, त्यातली ३० लाखांवर भारतात. एवढ्या आया असताना त्यांना विचारण्याची पद्धत आपण ब्रिटनच्या ३८६ फॉर्मांवरून समजून घेतोय, हे जरा गमतीचंच.

---

ओसरी

माफ करा, मधेच. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न लोकांनी विचारला तर काय करायचं? म्हणजे कोणी विचारलं 'सातव्या महिन्याचं वाचतं पण आठव्याचं का वाचत नाही', तर?

---

खडूफळा

@ओसरी, मधेच नाही, अगदी वेळेवर.

या प्रश्नाला उत्तर आहे : समजूत खोटी आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी बाळ जगण्याची शक्यता जास्त. ३२ आठवड्यांचं बाळ २८ च्या बाळापेक्षा बरंच सुरक्षित. म्हणून हा प्रश्न संशोधनाच्या यादीत जात नाही. पण तो टोपलीतही टाकायचा नाही. 'उत्तर माहीत आहे, लोकांपर्यंत पोचलेलं नाही' अशी दुसरी यादी ठेवायची आणि ती आरोग्य शिक्षणवाल्यांच्या हाती द्यायची. चाळीस फॉर्मांत हीच समजूत निघाली तर ती काही कमी माहिती नाही.

उलटी चूक जास्त घातक. 'उत्तर मिळालंय' म्हणून प्रश्न काढून टाकला आणि ते मिळालेलं नसतं.

---

आकडेमोड

त्याचं गणित दाखवतो, काल्पनिक आकड्यांनी. उपचार दिलेल्या १०० बाळांत १० जणांना संसर्ग झाला, न दिलेल्या १०० त १४ जणांना. प्रमाण ०.७१. पण ९५ टक्के विश्वास अंतर, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता धरतात तो पट्टा, येतं साधारण ०.३३ ते १.५३. म्हणजे संसर्ग दोन तृतीयांशाने घटत असेल किंवा दीडपट होत असेल, दोन्ही शक्य. अहवालात लिहितात 'लक्षणीय फरक आढळला नाही'. घाईत वाचणारा त्याचा अर्थ 'उपयोग नाही, प्रश्न संपला' असा लावतो. नाही संपला. हाच खरा अनुत्तरित प्रश्न.

ईएलएफआयएन चाचणी याच्या दुसऱ्या टोकाला. २,२०३ बाळं, रोज किलोमागे १५० मिलिग्रॅम गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन. संसर्ग २९ टक्के विरुद्ध ३१ टक्के. इथे अंतर अरुंद आहे, म्हणून 'संसर्ग टाळायला याचा फारसा उपयोग नाही' असं म्हणायचा हक्क मिळतो. दोन्हींची भाषा सारखी, अर्थ वेगळा.

---

दुपारची ओपीडी

नाळेचंही घ्या. अकराव्या क्रमांकाचा प्रश्न : नाळेला चिमटा कधी लावायचा. वर्षानुवर्षं लगेच लावायचे, कारण बाळ पटकन बालरोगतज्ज्ञाच्या हाती जावं. २०२३ मध्ये अनेक चाचण्यांतल्या एकेका बाळाची माहिती एकत्र करून निकाल आला : निदान ३० सेकंद थांबलं तर मृत्यूची शक्यता साधारण एक तृतीयांशाने कमी. यासाठी नवं यंत्र लागत नाही, घड्याळ लागतं. असल्या प्रश्नांत कंपनीला रस नसतो. २०१५ च्या एका तुलनेत जेम्स लिंडच्या याद्यांमध्ये ज्या उपचारांबद्दल विचारलंय त्यांत औषधं-लशी १८ टक्के होत्या, कंपन्यांच्या नोंदणीकृत चाचण्यांमध्ये ८६ टक्के. बिगर-व्यावसायिक चाचण्यांतही ३७.

---

रात्रपाळी

कार्यशाळेत नक्की काय होतं ते कोणी सांगेल का? पालक आणि प्रोफेसर एका टेबलाशी बसले की प्रोफेसरच बोलतात, हा अनुभव कुठल्याही मीटिंगचा.

---

खडूफळा

म्हणूनच आखणी कडक असते. वीस-तीस माणसं, एक दिवस. आठवडाभर आधी सगळे प्रश्न घरी जातात आणि प्रत्येकाने आपापले वरचे तीन, खालचे तीन लिहून आणायचे. हे टाळलं की सगळा खेळ फसतो, कारण न लिहून आलेला माणूस पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे जातो.

सकाळी तीन लहान गट, प्रत्येकात दोन्ही बाजूंची माणसं मिसळून, आणि एक तटस्थ सूत्रधार. पहिल्या फेरीत एकेकाने बोलायचं, मधे कोणी तोडायचं नाही. सुरुवात पालकापासून. ओळख फक्त नावाने, हुद्दा नाही. प्रश्न कार्डांवर छापलेले असतात, टेबलावर ती वर-खाली सरकवायची. दुपारी गट मोडून नवे करायचे, म्हणजे सकाळचा कंपू राहत नाही. तिन्ही गटांच्या क्रमांकांची बेरीज करून मग सगळ्यांसमोर शेवटची चर्चा.

बेरजेत एक फसगत आहे. एका प्रश्नाला ३, १२, ४ असे क्रमांक मिळाले, बेरीज १९. दुसऱ्याला ६, ७, ६, बेरीज १९ च. पहिल्यावर भांडण आहे, दुसऱ्यावर एकमत. पडद्यावर फक्त '१९' दाखवलं की भांडण नाहीसं होतं. तिन्ही क्रमांक शेजारी दाखवायचे. या ब्रिटिश यादीच्या २०१९ च्या सविस्तर अहवालातही हेच कबूल केलंय : झळ बसलेल्यांचा आणि व्यावसायिकांचा क्रम काही ठिकाणी स्पष्ट वेगळा होता, आणि पुढच्या भागीदाऱ्यांनी एकत्र यादीबरोबर दोन्ही याद्या वेगळ्याही छापाव्यात.

---

आकडेमोड

मतदानातलीही एक : १०४ प्रश्नांतून दहा निवडायचे म्हटलं की वरच्या पानावरचे जिंकतात. ऑनलाइन क्रम प्रत्येकासाठी वेगळा करता येतो. कागदावर नाही, म्हणून चार वेगळ्या क्रमांचे छापून गठ्ठ्यात मिसळायचे. आणि गुण गटागटाने मोजून मग जोडायचे, नाहीतर ज्या गटाने जास्त फॉर्म आणले त्याचीच यादी होते.

---

मुद्देसूद

बरं, आक्षेप पुरे. महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूपुरतं, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षापुरतं, करायचं झालं तर फॉर्म कधी आणि कुठे द्यायचा?

---

रात्रपाळी

बाळ व्हेंटिलेटरवर असताना अजिबात नाही. तेव्हा आई 'हो' म्हणते कारण समोर सिस्टर उभी आहे. त्याला संमती म्हणत नाहीत. डिस्चार्जच्या दिवशीही नाही, त्या दिवशी गाडी, कागदपत्रं आणि सासूबाई असतात.

डोळ्यांच्या तपासणीचा दिवस बरा. ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोच्या आतली बाळं पडद्याच्या तपासणीला साधारण चौथ्या आठवड्यात बोलावतात. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून वाट बघावी लागते, तेवढ्यात निवांत बोलणं होतं. ते काम कक्षातल्या सिस्टरने करू नये, बाहेरच्या कोणी करावं. लिहून घ्यायचं, फॉर्म हातात द्यायचा नाही. ज्या येत नाहीत त्यांच्याकडे आशाताईंच्या गृहभेटीतून, पण आशाताईंना त्याचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत.

---

दुपारची ओपीडी

नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. 'फक्त प्रश्न तर विचारतोय' म्हणून सोडतात आणि नंतर छापायची वेळ आली की अडकतात. पालकांना प्रवासखर्च आणि बुडालेला रोज त्याच दिवशी रोख. एकूण वर्ष-दीड वर्ष धरा.

दात्याच्या दुधाचा प्रश्न तर आपल्याकडे पेटणारच. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, तरी 'दुसरीचं दूध पाजायचं का' यावर घरात काय होतं ते प्रत्येक कक्षाला माहीत आहे.

---

ओसरी

कार्डांची भाषा मात्र सांभाळा. 'नवजात शिशूच्या वेदनांच्या मूल्यमापनाच्या पद्धतींची परिणामकारकता' असं छापलंत तर आई कार्ड उलटं ठेवेल. मी तीन लिहून बघते :

'बाळाला दुखतंय हे कशावरून ओळखावं?'
'बाळ घरी नेताना आईवडिलांना काय-काय शिकवावं?'
'पाणी लवकर गेलं तर बाळंतपण लगेच करावं का?'

---

रात्रपाळी

पहिली दोन चालतील. दुसऱ्यात 'शिकवावं'च्या जागी 'काय मदत मिळावी' करा, नुसतं शिकवणं नसतं ते. तिसऱ्यात 'पाणी लवकर गेलं' म्हणजे कळा सुरू व्हायच्या आधी की दिवस भरायच्या आधी, हे कळत नाही. 'दिवस भरायच्या आधीच पाणी गेलं तर थांबावं की बाळंतपण करावं?' असं ठेवा. आणि अक्षर मोठं, १६ च्या खाली नको. थेंब बाळाच्या डोळ्यांत असतात, पण रात्रभर न झोपलेली आई असते.